अप्पांसाठी दिल्लीत जागा

अप्पा दिल्लीत आले आणि तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी बाबांना विचारलं, "इथं आपली माणसं गेली की नेतात कुठं?"

बाबांचा हात ताटातच थांबला. "अप्पा, आत्ता कुठं आलाय तुम्ही. हे काय विचारणं झालं?"

"विचारून ठेवलेलं बरं," अप्पा म्हणाले आणि त्यांनी शांतपणे भाकरी मोडली.

अप्पा म्हणजे माझे आजोबा, बाबांचे वडील. आम्ही घरातले सगळेच त्यांना अप्पा म्हणायचो. सोलापूरकडच्या एका तालुक्याच्या गावी त्यांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला होता. आजी गेल्यावर वर्षभर ते एकटे राहिले. मग बाबांनी हट्टानं त्यांना लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आणलं. साठचं दशक संपत आलं होतं. मी अकरा वर्षांची होते.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून मूठमाती देतात. जन्मभर गळ्यात वागवलेलं लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात आणि पूजेला बसावं तसा तो मातीत बसतो. गावी ओढ्याकाठी आमची जागा होती, आजी तिथंच होती. दिल्लीत आमच्या ओळखीची अशी दोन-चार घरं होती, पण जागा कुणालाच ठाऊक नव्हती. बाबांनी एवढंच सांगितलं की निगमबोध घाटावर सगळी सोय आहे. बाबांना वाटलं, विषय संपला.

तो संपला नव्हता. उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि अप्पा मला म्हणाले, "बाळ, तुझी हिंदी चांगली आहे. माझ्याबरोबर हिंडशील का जरा?"

अप्पांची हिंदी म्हणजे मराठीलाच 'है' लावलेली. मी दिल्लीतच वाढलेली. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. उलट मला मराठीतले साधे शब्द यायचे नाहीत. 'कोनाडा' म्हणजे काय हे मी त्या उन्हाळ्यात अप्पांकडून शिकले, तेही एका मोडक्या मकबऱ्याच्या भिंतीकडे बोट दाखवून. तेव्हा आमचं ठरलं. मी त्यांची दुभाषी आणि ते माझे मास्तर.

पहिल्यांदा आम्ही गेलो ते नगरच्या काकांबरोबर. हे काका आमच्याच जिन्यावर, वरच्या मजल्यावर राहायचे. मराठी ख्रिस्ती, अहमदनगरचे, सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन. त्यांची बायको दोन वर्षांपूर्वी कावीळ होऊन गेली होती आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी ते पृथ्वीराज रोडवरच्या कब्रस्तानात तिच्याकडे जात. बाहेरून तिथं काय आहे याचा पत्ता लागत नसे. दोन्ही बाजूंना बड्या साहेबांचे बंगले, मध्ये एक भिंत आणि एक फाटक. आत गेलं की मात्र दगडी क्रूस, पंखवाल्या मूर्ती, गोऱ्या सोजिरांच्या रांगा आणि कडेच्या नव्या भागात आपल्यासारख्या लोकांच्या साध्या कबरी. काकूंच्या दगडावर मराठीत दोन ओळी होत्या. अप्पांनी चष्मा पुसून त्या वाचल्या. दिल्लीत आल्यापासून त्यांनी घराबाहेर वाचलेलं ते पहिलं मराठी.

काकांनी फुलं ठेवली, डोळे मिटून उभे राहिले. त्यांचं झाल्यावर अप्पांनी सरळ विचारलं, "आम्हाला इथं देतील का हो जागा?"

काका आधी दचकले, मग हसू लागले. "गुरुजी, त्यासाठी आधी तुमच्या डोक्यावर पाणी ओतावं लागेल. या वयात सर्दी व्हायची."

अप्पाही हसले. पण परतताना ते मला म्हणाले, "माणूस चांगला आहे. तिच्याशी बोलायला त्याला जागा तरी आहे."

मग आम्ही दोघंच निघू लागलो. आई सकाळीच डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायची. "कुठं?" एवढंच विचारायची. अप्पा म्हणायचे, "इतिहास बघायला." आई आणखी काही विचारायची नाही. बाबा साडेनऊला सायकलवरून ऑफिसला गेले की पाच मिनिटांनी आम्ही बसस्टॉपवर.

आणि खोटं नव्हतंच ते. "ज्यांच्या सनावळ्या मी पोरांकडून पाठ करून घेतल्या," अप्पा म्हणायचे, "ते सगळे इथं आडवे पडलेत." तेव्हा दिल्लीत कुठंही पाहावं तर घुमट. सरकारी कॉलनीच्या मधोमध घुमट, त्याच्या भिंतीवर पोरांनी कोळशानं काढलेल्या स्टंपा. शेतात घुमट, आत म्हशी. एका लहान मकबऱ्यात फाळणीत आलेलं कुटुंब अजून राहत होतं. मधली कबर त्यांनी स्वच्छ लिंपून ठेवली होती आणि तिच्यावर गाद्यांची घडी रचली होती. तिथल्या बाईनं आम्हाला पाणी दिलं. अप्पांनी मला विचारायला लावलं, आत कोण आहे? ती म्हणाली, "क्या पता जी. हमसे पहले के हैं. तंग नहीं करते."

अप्पांना हे उत्तर इतकं आवडलं की पुढं कितीतरी दिवस ते घरी त्याच चालीवर बोलायचे. "तंग नहीं करते."

निजामुद्दीनच्या मागच्या अंगाला एक जुनं मुसलमानी कब्रस्तान होतं, तिथंही आम्ही गेलो. राखणदार म्हातारा खाटेवर बसून कलिंगड खात होता. त्यानं आम्हाला फोडी दिल्या. मी अडखळत आमचा प्रश्न मांडला. त्यानं तो पुन्हा विचारून घेतला, कारण असला प्रश्न त्याला कधी कुणी केला नसणार. मग तो अप्पांकडे वळून म्हणाला, "बुज़ुर्गवार, आप जैसे नेक आदमी को मैं मना न करता. मगर यहाँ तो बाप के ऊपर बेटा लेटा है." अप्पांनी त्याला नमस्कार केला, त्यानं सलाम केला. बाहेर आल्यावर अप्पा म्हणाले, "पानिपतच्या वाटेवर आपले लोक इथूनच गेले. त्यांच्यातलं कोण कुठं पडलं, कुणी लिहून ठेवलं नाही. या म्हाताऱ्याला निदान प्रत्येकाचं घराणं माहीत आहे."

घाटावरचे पंडितजी मात्र त्रासिक होते. लहान मुलं आणि संन्यासी सोडले तर सगळ्यांना आग, त्यांनी सांगितलं, आणि संन्याशालाही जमुनेत सोडतात. अप्पांना पाणी नको होतं. "मला पोहता येत नाही," ते मला मराठीत म्हणाले. मी याचं भाषांतर केलं नाही.

मला त्या दिवसांत भीती कशी वाटली नाही, याचं आज नवल वाटतं. मला वाटायचं, आपण घर शोधतोय. आमच्या कॉलनीत सगळ्यांच्या घरी सतत तीच बोलणी चालायची, कुणाला मोठं क्वार्टर मिळालं, कुणाचा नंबर लागला, कोण वेटिंगवर आहे. अप्पाही वेटिंगवर होते, एवढंच.

शेवटी जागा सापडली ती आमच्या अंगणात. जूनमधली सकाळ होती. भगवे कपडे, कानांत जाड कुंडलं आणि हातात सारंगी घेतलेला एक जोगी क्वार्टरांच्या दारोदार गात हिंडत होता. असे जोगी नेहमी यायचे, बायका पीठ घालायच्या. अप्पा लिंगपूजा आटोपून बाहेर आले. त्यांनी त्याच्या कानांकडे पाहिलं आणि मला हाक मारली. "बाळ, हा नाथपंथी आहे. आपल्याकडच्या गोसाव्यांसारखा. याला विचार, तुमच्यात मेल्यावर काय करतात."

"अप्पा, मी नाही विचारणार असं."

"विचार गं. मी विचारलं तर त्याला वाटेल, शिवी दिली."

जिन्यात दोन बायका उभ्या होत्या. मी लाजेनं अर्धमेली होऊन विचारलं. जोग्यानं सारंगी खाली ठेवली. त्याला राग आला नाही. "बिठा के मिट्टी देते हैं, बिटिया," तो म्हणाला. "हम जोगी हैं. हमें आग नहीं लगती."

मी मराठीत सांगायच्या आधीच अप्पांना कळलं होतं. ते पायरीवर बसले. "बसवून?" त्यांनी मलाच विचारलं. "बसवून म्हणाला ना?"

दोन दिवसांनी आम्ही त्याच्या गावी गेलो. मेहरौलीच्या बसनं जाऊन, उतरल्यावर बाजरीच्या मोकळ्या शेतांतून अर्धा तास चालायचं. गावाचं नाव मी लिहीत नाही, त्या जमिनीचं भांडण अजून मिटलेलं नाही. वस्तीच्या मागे कीकरांच्या, म्हणजे बाभळींच्या गर्दीत एक तुकडा होता, आमच्या कॉलनीतल्या मैदानाच्या निम्माही नसेल. कडेला पीलूची दोन जुनी झाडं. जमिनीवर गोल, बुटके मातीचे ओटे, शेणानं सारवलेले. एकावरही नाव नव्हतं. दहा पावलांवरून गेलं तरी कुणाला कळलं नसतं की इथं माणसं बसली आहेत.

जोग्यांचा म्होरक्या सत्तरीचा होता, सगळे त्याला ताऊ म्हणत. त्यानं हुक्का बाजूला ठेवून आमचं ऐकून घेतलं. अप्पांनी सदऱ्यातून लिंग काढून दाखवलं. ताऊंनी हात न लावता वाकून पाहिलं. शिवाचं आहे म्हटल्यावर मान डोलावली. मग म्हणाले, "मास्टरजी, ज़िंदा आदमी को जगह नहीं देते. मर के आना, फिर देखेंगे."

मी घाबरून अप्पांकडे पाहिलं. अप्पा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते. ताऊही हसू लागले. मग त्यांनी आम्हाला ताक दिलं आणि ते दोघे म्हातारे, एकमेकांची भाषा धड न कळणारे, झाडाखाली दुपारभर बोलत बसले. मी सुरुवातीला भाषांतर करत होते, नंतर मला डुलकी लागली. उठले तेव्हा त्यांचं माझ्यावाचून चाललं होतं.

परत येताना अप्पा म्हणाले, "बाबांना सांगू नकोस एवढ्यात. घाबरेल तो."

पावसाळा गेला, शाळा सुरू झाली. अप्पा दोनदा एकटेच त्या गावी जाऊन आले. दिवाळीत ताऊंनी कुणाकरवी भेंडी आणि बाजरी पाठवली. बाबांनी विचारलं, "हे कुणाकडून?" अप्पा म्हणाले, "एक ओळखीचे आहेत."

जानेवारीत, धुकं दाट पडलेल्या एका सकाळी, अप्पा पूजेला बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. आई चहा घेऊन गेली. लिंग त्यांच्या तळहातावरच होतं. मान थोडी छातीवर आली होती.

त्यानंतरचा तासभर माझ्या डोळ्यांपुढं अजून स्वच्छ आहे. बाबा भिंतीला टेकून उभे होते. नगरचे काका धावत खाली आले. शेजारचे पंजाबी अंकल, समोरचे बंगाली दादा, सगळे जमले. कुणी म्हणालं, घाटावर निरोप पाठवतो. कुणी लाकडांचं विचारलं. बाबा नुसतेच 'हो, हो' करत होते. मध्येच ते काकांना म्हणाले, "गावी न्यावं तर दोन दिवसांचा प्रवास. कसं नेऊ? त्यांनी मला विचारलं होतं. मी नीट उत्तरसुद्धा दिलं नाही."

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. मी म्हणाले, "बाबा, जागा आहे."

कुणी ऐकलं नाही. मी पुन्हा म्हणाले. "अप्पांनी जागा बघून ठेवलीये. मला रस्ता माहीत आहे."

आता बाबा माझ्याकडे वळले. मी सगळं सांगितलं, पृथ्वीराज रोड, निजामुद्दीन, पंडितजी, जोगी, ताऊ. बाबांचा चेहरा लाल झाला. "आठ महिने? आठ महिने तुम्ही दोघं हे करत होतात, आणि घरात मला कुणी सांगितलं नाही?"

"मला माहीत होतं," आई म्हणाली.

आम्ही दोघांनीही तिच्याकडे पाहिलं. ती अप्पांजवळ खाली बसली होती. "रोज डबा मी देत होते. चपलांना लाल माती लागून यायची. इतिहास बघायला इतकी माती कशाला लागेल? नंतर मीच विचारलं त्यांना, त्यांनी सांगितलं." मग ती बाबांना म्हणाली, "आता बोलत बसू नका. अंग ताठरायच्या आत त्यांना नीट बसवा."

आईचा आवाज इतका ठाम मी कधी ऐकला नव्हता. बाबा कामाला लागले. हात असलेल्या खुर्चीवर अप्पांना मांडी घालून बसवलं, धोतरानं खुर्चीच्या पाठीशी बांधलं. कपाळभर विभूती लावली. काकांनी एक टेम्पो आणला. बायकांनी जायचं नसतं, असं कुणीतरी म्हणालं. आई म्हणाली, "वाट तिला माहीत आहे. जाऊ दे तिला." तिनं माझ्या डोक्याला मफलर गुंडाळला आणि मी ड्रायव्हरशेजारी बसले.

धुक्यात मला वाट सापडेना. शेतं सगळी सारखीच दिसत होती. दोनदा आम्ही चुकलो. दुसऱ्यांदा मी रडायला लागले, तेव्हा बाबा मागून उतरून माझ्या खिडकीशी आले. मला वाटलं, रागावतील. ते म्हणाले, "सावकाश आठव. अप्पांना घाई नाहीये." मग मला कीकरांची रांग दिसली.

ताऊ बाहेर आले. खुर्चीतल्या अप्पांकडे त्यांनी थोडा वेळ पाहिलं. "आ गए मास्टरजी," ते म्हणाले, आणि मागे वळून त्यांनी माणसांना कुदळी आणायला सांगितलं. बाबा हात जोडून काहीतरी बोलू लागले, आमची जात, आमचा धर्म, तुमची हरकत. ताऊंनी त्यांना मध्येच थांबवलं. "बात हो चुकी है. तुम्हारे बाप ने कर ली थी."

खड्डा चौकोनी खणला आणि त्याच्या एका भिंतीत कोनाडा. हा शब्द मला आता येत होता. विधी कसा करायचा हे बाबांना नीट ठाऊक नव्हतं, विधी सांगणारा आमच्यातला जंगम कुणी नव्हता. बाबांना एवढंच आठवत होतं की आजीच्या वेळी तोंड उत्तरेला केलं होतं. "हमारे यहाँ भी उत्तर," ताऊ म्हणाले. बाबा स्वतः खाली उतरले आणि त्यांनी अप्पांना कोनाड्यात बसवलं. लिंग डाव्या तळहातावर ठेवलं, उजवा हात वर झाकला. ताऊंनी धुनीतली राख दिली, गावातल्या दुकानातून मिठाचं पोतं आलं. बाबा वर येईनात. ते तिथंच अप्पांसमोर उकिडवे बसून राहिले. नगरच्या काकांनी हात खाली केला तेव्हा कुठे ते उठले.

मग सगळ्यांनी एकेक मूठ माती टाकली. बाबांनी, जोग्यांनी, टेम्पोच्या सरदारजींनी, काकांनी. काका पुटपुटत होते, त्यांच्या प्रार्थनेतलं असावं. सगळ्यात शेवटी मी.

त्या दिवसापासून बाबा बदलले. फायलीबाहेर न बोलणारा माणूस, पण दर महिन्याला सायकलवरून त्या गावी जाऊ लागला. वाटेत दिसणाऱ्या घुमटांशी थांबू लागला. मला वाटतं, अप्पांबरोबर जे हिंडायचं राहून गेलं होतं, ते बाबा एकटे हिंडत होते. रविवारी मला घेऊन जायचे आणि मी त्यांना दाखवायचे, इथं आम्ही कलिंगड खाल्लं, इथं अप्पा पाय घसरून पडले. बाबा सगळं ऐकून घ्यायचे. कधी कधी तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावायचे.

ताऊ गेले. तेही त्याच तुकड्यात, अप्पांपासून दोन ओटे सोडून बसले. मी कॉलेजात होते तेव्हाची एक गंमत. आम्ही गेलो तर अप्पांच्या ओट्यावर पेनं, पेन्सिली आणि बत्तासे. आम्हाला काही कळेना. गावातल्या मुलांनी सांगितलं, हे मास्टर बाबा आहेत, परीक्षेच्या आधी इथं पेन टेकवलं की पास होतो. बाबांना आधी धक्का बसला. अप्पा असल्या प्रकारांविरुद्ध वर्गात तासच्या तास बोलायचे. मग बाबा हसायला लागले आणि त्यांनी एका मुलाला विचारलं, "पास हुए?" मुलगा म्हणाला, "हिसाब में रह गया." बाबा म्हणाले, "वो तो होगा ही. मास्टरजी हिस्ट्री पढ़ाते थे."

शहर पसरत गेलं. बाजरीची शेतं सरकारनं घेतली, मग बिल्डरांनी. त्या गावाभोवती चार-चार मजल्यांची घरं उठली. आमचंही क्वार्टर निवृत्तीबरोबर गेलं आणि आईबाबा नोएडातल्या एका सेक्टरमध्ये राहायला आले. मी लग्नानंतर गुरुग्रामला. जोग्यांचा तुकडा आता घरांच्या मागच्या भिंतींमध्ये अडकला होता, आत जायला बोळासारखी वाट. दोन्ही बाजूंनी भिंती पुढे सरकत होत्या आणि कोर्टात काहीतरी चाललं होतं. एकदा तिथून परतताना बाबा गाडीत म्हणाले, "माझ्यासाठी तिथं मागू नका."

मी म्हणाले, "का पण? अप्पांच्या शेजारी..."

"त्यांच्या स्वतःच्या माणसांना जागा पुरत नाही. आपण किती घ्यायचं?" मग म्हणाले, "मला आगीचं काही वाटत नाही. तू वाईट वाटून घेऊ नकोस."

बाबा गेले तेव्हा आम्ही त्यांचं ऐकलं. विद्युतदाहिनीत सगळं अर्ध्या तासात आटोपलं. मला वाईट वाटलं, ते न वाटण्याचं वचन मी दिलंच नव्हतं.

त्यानंतर बरीच वर्षं मी त्या गावाकडे गेले नाही. नोकरी, मुलं, ट्रॅफिक ही कारणं होतीच, पण खरं म्हणजे बाबांशिवाय जायला पाय उचलत नव्हता. गेल्या हिवाळ्यात गेले. मेट्रोतून उतरून रिक्षा केली. बोळ आणखी अरुंद झाला होता. एका घराच्या दारात ताऊंची नातसून उभी होती, माझ्याच वयाची. तिनं मला ओळखलं. ओटे सारवलेले होते, पीलूचं एकच झाड उरलं होतं. तिनं मला घरात नेलं, चहा केला आणि विचारलं, "बाबूजी नहीं आए बहुत दिन से?"

मी सांगितलं, बाबा गेले. कधी, कसे.

"यहाँ क्यों नहीं लाए?"

मी बाबांचं म्हणणं तिला सांगितलं, जागा कमी आहे, तुमच्याच माणसांना पुरत नाही. तिनं कप खाली ठेवला. "दीदी, पूछ तो लेते," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग होता, आपल्या माणसावर असतो तसा. "मास्टर बाबा के बेटे थे. जगह तो निकल ही आती."

मी चहा संपवला. तिनं आग्रहानं गूळ बांधून दिला.

ते वाक्य आईला सांगावं की नाही, हे मला दोन दिवस ठरवता आलं नाही. आई आता खूप थकली आहे. शेवटी सांगितलं. तिनं मला ते पुन्हा म्हणायला लावलं, हिंदीत, जसंच्या तसं.

"मी एकदाही गेले नाही बघ तिथं," ती म्हणाली. "त्या दिवशी बायकांनी जायचं नव्हतं. नंतर तुम्ही दोघं जायचात, मला वाटायचं, तुमचं आहे ते. मला ने एकदा."

होळीनंतरच्या रविवारी तिला घेऊन गेले. बोळातून व्हीलचेअर जाईना, म्हणून ताऊंच्या दोन पणतवांनी तिला खुर्चीसकट उचलून आत नेलं. तिनं अप्पांच्या ओट्यावर हात ठेवला, पदर सारखा केला. मग ती नातसुनेशी बोलत बसली. पन्नासच्या वर वर्षं दिल्लीत काढूनही आईची हिंदी मराठीच राहिली आहे. ती काय म्हणतेय हे नातसुनेला अर्धंच कळत असावं, पण ती हुं-हुं करत होती. मी मध्ये पडून भाषांतर करू लागले, तर आई म्हणाली, "तू राहू दे. आमचं चाललंय."